सतराच्या पाढ्यावर चालणारी गाडी

मुलगी शिकायला कॅनडाला गेली आणि जाताना तिचा कुत्रा आमच्या गळ्यात घालून गेली. "फक्त दोन महिने, आई," विमानतळावर ती म्हणाली. "सेटल झाले की बोलावून घेते त्याला." त्या बोलावण्याची आम्ही दोघं आणि कुत्रा असे तिघंही वाट बघत होतो. दोन महिन्यांचे सहा झाले. तिनं त्याचं एक झोकदार इंग्रजी नाव ठेवलं होतं, पण ती हाक मारताना मला आपण हॉटेलात वेटरला बोलावतोय असंच वाटायचं. मी त्याला पाहुणा म्हणायला लागले.

पाहुणा जातीनं हस्की. म्हणजे बर्फात गाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांपैकी. एक डोळा निळा, एक तपकिरी, अंगावर दोन गाद्या भरतील एवढे केस. अशा प्राण्यानं कुवेतमध्ये का यावं, हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून होता. पण इथं अशी पुष्कळ येतात. लोक दिसायला देखणं म्हणून पिल्लू घेतात, आणि पहिला कडक उन्हाळा सोसला की त्यांना कळतं की याला दिवसभर एसी लागतो, आणि एसीत बसून हा सोफा खातो. मग काहीजण त्याला वाळवंटाच्या कडेला सोडून येतात. आमच्या मुलीनंही याला असाच कुणाकडून तरी सोडवून आणला होता.

नवरा शुऐबाला पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये सेफ्टी इंजिनिअर. त्याची शिफ्ट कधी दिवसाची, कधी रात्रीची. मी फहाहीलच्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन, तीही दुपारनंतरची. त्यामुळे सकाळी घरात मी आणि पाहुणा. मी चहा प्यायचे, तो फरशीवर पोट टेकून माझ्याकडे बघायचा. मुलगी होती तेव्हा घरात बोलणं होतं. मी मराठीत बोलायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, पण आवाज असायचा. आता एसीचाच काय तो आवाज. कधीकधी दुपारी दवाखान्यात पहिल्या पेशंटला "मूठ बंद करा" म्हणताना माझ्या लक्षात यायचं की आज तोंडातून निघालेलं हे पहिलंच वाक्य.

सप्टेंबरात एकदा पहाटे त्याला फिरवायला घेऊन गेले होते. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर खुब्जची बेकरी आहे, तिथं गरम रोट्यांसाठी सात-आठ माणसं उभी होती. एवढ्यात समोरून मांजर गेलं. पुढचं मला नीट आठवत नाही. मी पालथी पडले होते आणि दोरी सोडायची नाही एवढंच ध्यानात ठेवून फुटपाथवरून सरकत होते. रांगेतली माणसं सभ्यपणे बाजूला झाली. तेवढ्यात शाळेच्या मैदानावर वाजते तशी एक शिट्टी कर्कश वाजली. पाहुणा जागच्या जागी थांबला. मीही थांबले.

काळा पायघोळ अबाया, पायात धावायचे बूट, गळ्यात शिट्टी आणि साठी ओलांडलेलं करारी तोंड. बाईंनी आधी कुत्र्याला सावरलं, मग मला.

"हा वाईट नाही," त्या म्हणाल्या. "हा बेकार आहे. याला काम दे."

"कसलं काम?"

"ओढायचं."

"मला ओढतोच आहे की."

"तुला नाही. टायर."

मुलींच्या शाळेत त्या तीस वर्षं खेळाच्या शिक्षिका होत्या. इथं शिक्षिकेला 'अबला' म्हणतात. बेकरीवाला, पाववाला पोऱ्या, रांगेतला पोलीस, सगळे त्यांना अदबीनं "अबला, अबला" करत होते. मी नाशिकची. एवढ्या धडधाकट बाईला सगळे अबला म्हणतायत हे ऐकून मला गुडघा सोलवटलेला असतानाही हसू फुटलं. हसण्याचं कारण मी त्यांना पुढं बऱ्याच दिवसांनी सांगितलं. त्या विचारात पडल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे तुमच्याकडे मला हाक मारणं हा विनोद झाला तर." त्यानंतर काही चांगलं घडलं की स्वतःच्या छातीवर थाप मारून म्हणायच्या, "शाबाश, अबला!"

त्यांचं इंग्रजी तोकडं, माझं अरबी त्याहून तोकडं. पण त्यांचे वडील व्यापारासाठी मुंबईला जाऊन-येऊन असत, त्यामुळे हिंदीची एक मोडकी शिडी दोघींच्यात होती. तीवरून आम्ही चढ-उतर करायचो.

कबदला त्यांच्या भावाची शेतजमीन आहे. शेत म्हणजे भिंत, पाण्याची टाकी, थोडी खजुराची झाडं, काही मेंढ्या आणि बाकी वाळू. तिथं एका एसी लावलेल्या खोलीत त्यांचे तीन हस्की राहायचे, तिन्ही कुणी ना कुणी टाकून दिलेले. पुढच्याच शुक्रवारी मी पाहुण्याला घेऊन गेले. तिथं मला कळलं की अबलांचा माझ्यावरचा उपकार अगदीच निरपेक्ष नव्हता. कुत्री पाळणारी काही मंडळी थंडीत वाळवंटात एक शर्यत भरवतात. बर्फ नाही, तेव्हा चाकांची गाडी. चार कुत्र्यांच्या गाडीच्या शर्यतीसाठी त्यांच्याकडे तीनच कुत्री होती. पाहुण्यावर त्यांची महिनाभर नजर होती.

"आणि गाडी हाकणार कोण?" मी विचारलं.

त्यांनी अबाया किंचित वर करून गुडघ्यावरचा लांबलचक व्रण दाखवला. उन्हाळ्यातच ऑपरेशन झालं होतं. मग मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"तुझं वजन किती?"

"अठ्ठेचाळीस."

"अल्हमदुलिल्लाह," त्या म्हणाल्या. विषय संपला.

आयुष्यात मी कुठल्या शर्यतीत धावले असेन तर ती शाळेतली लिंबू-चमचा. तीही हरले होते. पण मी नाही म्हटलं नाही. का नाही म्हटलं, हे तेव्हा कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. शुक्रवारची सकाळ रिकामी होती, एवढंच.

कुत्र्यांची अरबी नावं माझ्या जिभेवर बसेनात, म्हणून मी माझी ठेवली. म्हातारी पांढरी मादी ती मावशी. सगळ्यांच्या भांड्यात तोंड घालून तपासणी करणारा थोराड करडा तो मुकादम. आणि तिसरा भोंगा. तो भुंकत नसे, मान वर करून नुसता कारखान्याच्या भोंग्यासारखा सूर लावायचा. भूक लागली तरी, पोट भरलं तरी.

ऑक्टोबरभर आम्ही फक्त टायर ओढला. उजाडायच्या आत कबद गाठायचं, अबला वाळूवर हाताची मागची बाजू टेकवून बघणार, मग थर्मामीटर बघणार आणि निम्म्या वेळा मान हलवून सांगणार, "आज नाही. परत जा." एवढी पन्नास मिनिटं गाडी चालवून आल्यावर परत! पण त्यात सूट नव्हती. हस्कीच्या अंगात उष्णता साठली तर तो धावता धावता कोसळतो, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. धावण्याच्या दोन तास आधी कोंबडीच्या सुपाचं पाणी पाजायचं, पंजांना मेण आणि खोबरेल तेल लावायचं, नखं बघायची, मग पट्टे चढवायचे. पट्टे चढवायला लागलं की चौघं इतका गोंधळ घालत की मेंढ्या भिंतीला चिकटून उभ्या राहत.

पहिल्या दिवशी अबलांनी पट्टा हातात घेतला आणि म्हणाल्या, "आधी तू."

"मी?"

"तुला कळायला नको, काय सांगतेस त्यांना करायला?"

मी पट्टा कमरेला बांधून टायर ओढला. शंभर पावलं. माझी पिंढरी पेटली, तोंडात वाळू गेली, आणि चारी कुत्री कुंपणाशी ओळीनं बसून बघत होती. मुकादमानं तर जांभईही दिली. त्या दिवसानंतर मी "अरे ओढ की लेका" असं कुणाला म्हटलं नाही.

मग आली भाषा. पाहुण्याला मुलीनं इंग्रजी शिकवलेलं, बाकी तिघांना अरबी, आणि हाकणारी मराठी. अबलांनी त्यावर टॅक्सीवाल्यांची भाषा नेमली. कुवेतमध्ये ती सगळ्यांना येते. यल्ला म्हणजे चला, यमीन उजवीकडे, यसार डावीकडे, आणि सरळ जायला सीदा. हे सीदा आपलंच, जहाजातून इकडे आलेलं. थांबायला बस.

सगळं सोपं होतं, फक्त पाहुण्याला मी घरी सहा महिने 'बस' म्हणजे खाली बसायला शिकवलं होतं. पहिल्यांदा चौघांना एकत्र जुंपून टायर ओढताना मी "बस!" ओरडले. तिघं थांबले, पाहुण्यानं मात्र शिस्तीत ढुंगण टेकलं. थांबता थांबता भोंगा त्याच्यावर आदळला, त्यानं सूर लावला आणि मुकादम बघायला वळला. दोऱ्यांची अशी जाळी झाली की सोडवायला वीस मिनिटं गेली. त्यानंतर थांबण्यासाठी 'हो' ठरलं. बैलाला म्हणतात तसं, लांबवून, "होऽऽ".

ते सुचवलं वेल्डरभाऊंनी. ते नवऱ्याच्या प्लांटवर कंत्राटावर वेल्डर, कुडाळकडचे, जलीबला सहाजणांच्या खोलीत राहायचे. आम्हाला गाडी बनवून हवी होती. बाहेरून येणारी तयार गाडी आमच्या आवाक्यातली नव्हती, आणि अबलांना ती आवडलीही नव्हती, "फार चकचकीत" म्हणून. वेल्डरभाऊ शुक्रवारी सुट्टीला आले, चारी कुत्र्यांभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "वयनी, कुत्रे नाय हे, रेडे आसत."

जुने पाईप, तीन सायकलींची चाकं आणि एका मोडक्या व्हीलचेअरचं हँडल यांतून त्यांनी दोन शुक्रवारांत तीनचाकी उभी केली. मागं उभं राहायला फळी, पुढं दोरी अडकवायला कडी. गावी त्यांनी चिखलनांगरणीत बैल पळवले होते, त्यामुळे जुंपण्याचं त्यांना काही नवल नव्हतं. नवल एकाच गोष्टीचं होतं. "हेंका चाबूक नाय, येसण नाय. मग ऐकतत कशाक?"

"आवडतं म्हणून," मी म्हटलं.

"शिरा पडो," ते म्हणाले. "म्हंजे ब्रेक व्हयो. भारी ब्रेक."

ब्रेकच्या मुद्द्यावर माझा नवरा प्रकल्पात शिरला. तोवर तो "तुमचं चालू द्या" म्हणत पेपर वाचायचा. पण बायको चार जनावरांच्या मागं उभी राहणार म्हटल्यावर त्याच्यातला सेफ्टी इंजिनिअर जागा झाला. तो हेल्मेट, गुडघ्याचे पॅड, वेल्डिंगचे हातमोजे आणि नारिंगी चमकता जॅकेट घेऊन आला. धोक्यांची यादी करून ती टाकीवर चिकटवली. रोज सुरू करायच्या आधी पाच मिनिटं सगळ्यांना उभं करून त्या दिवशी काय चुकू शकतं ते सांगायचा. अबलांना हा प्रकार बेहद्द आवडला. त्या शिट्टी वाजवून सगळ्यांना गोळा करायच्या आणि हाताची घडी घालून ऐकायच्या. एकदा त्यानं "आणीबाणीत कुठं जमायचं?" विचारलं तर वेल्डरभाऊंनी चहाच्या किटलीकडे बोट दाखवलं.

डिसेंबरात पहिल्यांदा गाडीला जुंपलं. मी फळीवर चढले, हँडल धरलं, "यल्ला" म्हणायला तोंड उघडलं. 'य'च्या पुढं मी गेले नाही. गाडी गेली. मी वाळूत बसले होते आणि नारिंगी जॅकेटमुळे सगळ्यांना लांबूनही छान दिसत होते. रिकामी गाडी घेऊन चौघं दोन किलोमीटर फिरून, आपणहून परत येऊन, पाण्याच्या टाकीशी उभे राहिले. मावशी सगळ्यांच्या पुढं होती. ती वाट चुकली नव्हती, तिनं वळणं बरोबर घेतली होती आणि माझ्याकडे बघून शेपूट हलवत होती.

"पुढारी मिळाली," अबला म्हणाल्या. मला उठवायला कुणी आलं नाही.

मावशीला पुढं घातल्यावर दिवस पालटले. ती शहाणी होती, यमीन म्हटलं की यमीन. मी फक्त पडायचं नाही एवढंच शिकत होते. वळणावर गुडघे वाकवायचे, वजन आतल्या बाजूला टाकायचं. सकाळच्या थंडीत कुत्र्यांच्या तोंडातून वाफ येते, चाकांखाली वाळू करकरते, आणि चार पाठी एका तालात खालीवर होतात. त्या वेळी मनात काही म्हणजे काही नसतं. एका लयीत पाऊण किलोमीटर गेल्यावर एकदा मला आपण मोठ्यानं हसतोय हे ऐकू आलं.

मुलीला व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवली. "ओ माय गॉड, आई! तू? हेल्मेट घालून?" मग तिनं पाहुण्याला फोनवरून इंग्रजीत बसायला सांगितलं. त्यानं फोनच्या मागं जाऊन बघितलं, तिथं ती नाही म्हटल्यावर माझ्याकडे वळला. मुलगी स्क्रीनजवळ सरकली. मग म्हणाली, "त्याला आता मराठीच कळतं का गं?" हे वाक्य तिनं मराठीत म्हटलं, हे तिच्या लक्षात आलं नसावं.

संक्रांतीनंतर इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या एकीकडे हळदीकुंकू होतं. मी पैठणी नेसून गेले, पण दोन्ही कोपरं खरचटलेली आणि दंडावर दोरीचा वळ. यजमानीण हळूच बाजूला घेऊन म्हणाली, "घरी सगळं ठीक आहे ना?" मी म्हटलं, "अगं, कुत्र्यांनी ओढलं." तिला ते आणखीच काळजीचं वाटलं. शेवटी मोबाईलवर व्हिडिओ दाखवावा लागला. पाच मिनिटांत सगळ्या बायका वाण बाजूला ठेवून माझ्याभोवती. एकीनं विचारलं, "हे वजन कमी करायला चांगलं का?"

शर्यतीला आठ दिवस उरले आणि मावशी लंगडायला लागली. पंजात काचेचा तुकडा घुसला होता, थंडीत वाळवंटात तंबू ठोकून राहणाऱ्या कॅम्पवाल्यांपैकी कुणाची तरी फुटलेली बाटली. डॉक्टरनं तीन टाके घातले आणि तीन आठवडे धावणं बंद. अबला कधी नव्हे त्या खाली बसल्या. अबायाचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मला वाटलं, संपलं. आणि संपलं असं वाटल्यावर मला जे वाटलं त्याचं मलाच आश्चर्य वाटलं. मला रडू येत होतं. शर्यतीसाठी, माझ्या वयाला!

शेजारच्या शेतावरच्या एका बाईंनी त्यांची तरुण मादी चौथी म्हणून उसनी दिली. ओढायला चांगली होती, पण पुढारी कोण? मुकादमाला पुढं लावला तर तो प्रत्येक खांब तपासत चालला. भोंगा पुढं गेल्यावर खाली बसला आणि वर तोंड करून गाऊ लागला. राहिला पाहुणा. तो जोरात निघायचा, पण दहा पावलांवर थांबून मागं वळून बघायचा. पुन्हा दहा पावलं, पुन्हा मागं. मागचे तिघं त्याच्यावर आदळायचे.

"हा मागं बघतो. मागं बघणारा पुढारी कामाचा नाही," अबला म्हणाल्या.

वेल्डरभाऊ कुंपणाला टेकून बघत होते. ते म्हणाले, "वयनी, तुमी गप कित्याक?"

"म्हणजे?"

"तुमी आसात की नाय ता त्येका कळाक नको? आमचो बैल पण आवाजार चालता. बोलत रवा."

"काय बोलू?"

"कायव. त्येका काय समाजता!"

मी फळीवर चढले, यल्ला म्हटलं आणि बोलायला लागले. आधी काही सुचेना, म्हणून सतराचा पाढा. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. पाहुण्याचे कान मागं वळले, मान वळली नाही. सतरा त्रिक एक्कावन्न, सतरा चोक अडुसष्ट. तो धावत होता. पाढा संपला तशी मी एकोणीसचा घेतला, मग नणंदेच्या मुलाच्या लग्नात काय झालं ते सांगितलं, मग पुरणाला किती डाळ भिजवायची. पूर्ण फेरीत तो एकदाही थांबला नाही. परतल्यावर माझा घसा बसला होता. अबलांनी स्टॉपवॉच बघितलं. "काय सांगत होतीस त्याला?"

"कौटुंबिक," मी म्हटलं.

ते आठ दिवस मी जेवढं बोलले तेवढं वर्षभरात बोलले नव्हते. घरीही तीच सवय लागली. सकाळी चहा करताना मी पाहुण्याला पेपरातल्या बातम्या सांगायचे. रात्रपाळीहून येऊन झोपलेल्या नवऱ्यानं दोनदा दार उघडून विचारलं, "कोण आलंय?"

शर्यतीच्या सकाळी धुकं होतं. वाळूवर दूरवर कॅम्पचे तंबू, एकेक धुराची रेघ, आणि मधे झेंड्या लावून आखलेली तीन किलोमीटरची वाट. आमच्या गटात पाच गाड्या. एका तरुणाची चकाकती काळी गाडी, कुत्र्यांचे पट्टे गाडीला मॅचिंग. एक युरोपियन जोडपं, जे कुत्र्यांशी कुजबुजतच बोलत होतं. आणि नारिंगी जॅकेटातली मी. नवऱ्यानं पाच मिनिटांचं भाषण तिथंही दिलं. दोन गाड्यांची माणसं आपणहून येऊन ऐकत उभी राहिली.

शिट्टी झाली. मी 'यल्ला' पूर्ण म्हटलं, फळीवरच होते, आणि आम्ही निघालो. पहिला किलोमीटर आम्ही दुसऱ्या नंबरावर होतो. हे मी खोटं सांगत नाही. पाढा जोरात चालू होता. शेजारून जाताना त्या युरोपियन बाई कुजबुजायच्या थांबून माझ्याकडे बघत राहिल्या. पहिल्या वळणावर "यसार!" म्हटलं, पाहुणा वळला, मी गुडघे वाकवले. काळ्या गाडीची कुत्री मात्र वळलीच नाहीत. त्यांना समोरच्या कॅम्पमधून कलेजी तळल्याचा वास आला होता. ती चकाकती गाडी सरळ तंबूंकडे जाताना आणि तिच्यावरचा तरुण "ला! ला!" म्हणजे नाही, नाही, असं ओरडताना मी डोळ्यांनी पाहिला.

तो वास आमच्याही गाडीला आला. मुकादमानं मान वळवली. मी त्याच्या नावानं एवढी मोठी हाक मारली की त्या हाकेसरशी तोंडभर वाळू गिळली. घसा आठवडाभर बोलून आधीच बसलेला, त्यात ही वाळू. पुढचा शब्द काढायला गेले तर हवाच आली.

पाहुणा थांबला. मान वळवून बघितलं. मागून एक गाडी गेली, मग दुसरी. मी ओठ हलवत होते, हात हलवत होते. तो त्या दोन रंगांच्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होता, विमानतळावरून मुलीशिवाय परत आलो त्या दिवशी दारात बसून बघत होता तसाच. मला शर्यतबिर्यत काही आठवेना. मी इथं आहे रे बाबा, एवढंच त्याला सांगायचं होतं आणि तेवढंच सांगता येत नव्हतं.

मग मला खोकला आला. अगदी आतून, छातीतून, खडखडीत. त्याचे कान टवकारले. मी पुन्हा खोकले, या वेळी मुद्दाम. तो पुढं वळला आणि चालायला लागला. खोकला त्याला चालत होता! उरलेला सव्वा किलोमीटर मी क्षयाच्या पेशंटसारखी खोकत, पाय टेकून गाडी ढकलत पार केला. यमीनच्या वळणाला काही सांगायची गरज पडली नाही, त्याला झेंड्या दिसत होत्या. शेवटच्या सरळ वाटेवर दोन्ही बाजूंच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. बहुतेकांना मी आजारी असूनही उतरले असं वाटलं असावं.

पाचात आमचा चौथा नंबर आला. पाचवा अजून कॅम्पमध्ये नाश्ता करत होता.

वेल्डरभाऊंनी मला गाडीवरून उतरवून पाणी दिलं. मी वाळूत बसले आणि पाहुणा येऊन माझ्या मांडीवर आडवा झाला, चोवीस किलोंचा, गरम, धापा टाकत. नवऱ्यानं पंजे तपासले, आधी त्याचे, मग माझे. मुलीला व्हिडिओ लावला तर तिकडे मध्यरात्र होती आणि ती होस्टेलच्या खोलीत किंचाळत होती. मला एकही शब्द बोलता येत नव्हता, म्हणून मी नुसतीच फोनकडे बघून हसत होते. अबला लंगडत आल्या. स्टॉपवॉच बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"फार वाईट," त्या म्हणाल्या. मग खाली वाकून, तो ऑपरेशनचा गुडघा न वाकवता, त्यांनी माझ्या हेल्मेटवर ओठ टेकवले. "उद्या सुट्टी. परवा ये."

मार्चात ऊन चढलं आणि हंगाम संपला. वेल्डरभाऊंचं कंत्राट संपून ते कुडाळला गेले. जाण्याआधी त्यांनी तीनचाकीला ग्रीस लावून, जुन्या चादरीत गुंडाळून टाकीमागं उभी केली. मुलगी उन्हाळ्यात आठ दिवस आली. पाहुण्याला नेण्याबद्दल आम्ही दोघी एकदाच बोललो. ती म्हणाली, तिथं बर्फ आहे, त्याला आवडेल. मी म्हटलं, आवडेल. होस्टेलवर कुत्रा चालत नाही, तेव्हा घर बदलल्यावर बघू, असं ठरलं. घर तिनं अजून बदललेलं नाही. मीही विचारलेलं नाही.

ऑगस्टात एका सकाळी अबलांचा फोन आला. शेताच्या फाटकाला कुणीतरी एक हस्की बांधून गेलं होतं. पाणी नाही, सावली नाही. मी पोचले तेव्हा त्यांनी त्याला ओल्या चादरीत गुंडाळलं होतं. काळा-पांढरा नर, दीडेक वर्षाचा असावा. त्याला डॉक्टरकडे नेलं, सलाईन लावलं, पण परतल्यावर तो माझ्या गाडीतून उतरायलाच तयार होईना. ओढलं तर थरथरायचा, बोलावलं तर सीटखाली शिरायचा.

"राहू दे," अबला म्हणाल्या. त्यांनी पुढचं दार उघडलं आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या. मी इंजिन चालू ठेवून एसी मोठा केला. बाहेर वाळू पांढरी पडली होती. आम्ही दोघी समोरच्या भिंतीकडे बघत बसलो, अबला खजुरांना पाणी कधी द्यायचं ते बोलत होत्या, मी ऐकत होते. दीडेक तासानं मागच्या सीटवरून एक ओलं नाक माझ्या कोपराला लागलं.

मी हात हलवला नाही.